पोटमाळा, लॉफ्ट आणि वस्ती

गेल्या सत्रात बी. ए.च्या वर्गात मी दया पवारांचे ‘बलुतं’ शिकवीत होतो. कावाखान्याचा भाग संपवून वर्गाबाहेर पडलो, तेव्हा एका विद्यार्थ्याने माझ्या हाती एक गुळगुळीत कागद ठेवला. त्याचा थोरला भाऊ मुंबईत नोकरीला आहे. त्याने पाठविलेली ती घरविक्रीची जाहिरात होती. जुन्या गिरणगावातील एका इमारतीचा वरचा मजला नव्याने दुरुस्त करून ‘लॉफ्ट’ म्हणून विकायला काढलेला होता. छत उंच, लोखंडी तुळया उघड्या, विटांच्या भिंतीला मुद्दामच गिलावा केलेला नाही, भिंतभर खिडक्या आणि भोवती ‘ऐतिहासिक परिसर’. किंमत मात्र छापलेली नव्हती. विद्यार्थी म्हणाला, “सर, तुम्ही याले नावं ठेवाल हे मले माहीत आहे. पण मले हे घर आवडलं. यात वाईट काय आहे?”

प्रश्न प्रामाणिक होता. मी त्या वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर तो कागद पुन्हा पुन्हा वाचला, आणि मला कबूल करावे लागले की ते घर मलाही आवडले होते. एवढा उजेड, एवढी उंची, एवढी मोकळी जागा आम्हा दोघांच्याही बापजाद्यांनी स्वतःच्या घरात कधी पाहिली नाही. म्हणून त्या विद्यार्थ्याला द्यायचे राहून गेलेले उत्तर येथे लिहून काढीत आहे.

जाहिरात हे काही साहित्य नव्हे, तिची समीक्षा कशाला, असे काही प्राध्यापक मित्र म्हणतील. माझे उत्तर असे की जाहिरातीतही एक निवेदक असतो, त्याने मनात धरलेला एक वाचक असतो, आणि त्याने गाळलेली पात्रे असतात. सुंदर कशाला म्हणावे, हे आज आमच्या मुलांना काव्यसंग्रहांपेक्षा हेच गुळगुळीत कागद अधिक शिकवितात. प्रस्थापित सौंदर्यशास्त्राशी दलित साहित्याचे भांडण असेल, तर ते भांडण या कागदाशीही आहे.

१

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘लॉफ्ट’ ही वस्तू मराठीला नवी नाही. आपण तिला पोटमाळा म्हणतो. चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत छताखाली फळ्या ठोकून पोटमाळा काढला जाई. घरात जे जादा, ते पोटमाळ्यावर. जादा भांडी, जादा गोधड्या, आणि जादा माणूसही. गावाहून कामाच्या शोधात आलेला भाचा किंवा रात्रपाळी करून दिवसा झोपणारा चुलता शिडीने वर चढे. तेथे उभे राहता येत नसे. वरून पत्रा तापे आणि खालून चुलीचा धूर येई. कामठीतल्या आमच्या घरी माळ्यावर तेंदूपत्त्याची पुडकी असत, आणि परीक्षेच्या दिवसांत मी असे.

तोच शब्द इंग्रजीत गेल्यावर त्याची किंमत एकाएकी कशी वाढली? यासाठी अमेरिकेकडे वळावे लागते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या न्यूयॉर्क शहरात शिकले, त्याच शहराच्या दक्षिणेकडील सोहो भागात ओतीव लोखंडाच्या खांबांवर उभ्या असलेल्या कारखान्यांच्या आणि वखारींच्या इमारती होत्या. तेथील छते उंच होती, कारण खाली यंत्रे आणि मालाच्या थप्प्या असत. खिडक्या मोठ्या होत्या, कारण विजेचे दिवे येण्याआधी कामासाठी दिवसाचा उजेड हवा असे. पुढे कारखाने हलले, मजले रिकामे पडले आणि १९६० च्या दशकात चित्रकार-शिल्पकार स्वस्तातली जागा म्हणून तेथे राहू लागले. १९७३ साली तो भाग अधिकृतपणे ‘ऐतिहासिक’ ठरला. त्यानंतर श्रीमंत मंडळी आली आणि सामान्य कलावंतालाही तेथले भाडे परवडेनासे झाले. समाजशास्त्रज्ञ शॅरन झुकिन यांचे ‘लॉफ्ट लिव्हिंग’ हे या साऱ्या प्रक्रियेवरील पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले.

१९८२ हे साल महाराष्ट्राला वेगळ्या कारणाने आठवते. त्या वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. न्यूयॉर्कमध्ये कारखान्याचे घर कसे होते, याचा अभ्यास छापला जात होता. त्याच वर्षी मुंबईत कारखाना रिकामा होण्यास आरंभ झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण त्यातला क्रम एकच आहे. आधी माणसे जातात, मग इतिहास येतो.

मुंबईत हा क्रम कायद्याच्या वाटेनेही गेला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करताना ढोबळमानाने तीन वाटे ठरविले होते. एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सर्वसामान्यांच्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ रिकाम्या भूखंडापुरती उरली. ज्या जमिनीवर इमारती उभ्या होत्या, ती वाटणीतून सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. त्या गुळगुळीत कागदावरच्या ‘ऐतिहासिक परिसरा’मागे हाही इतिहास आहे, पण तो उंच छताइतका देखणा नसल्यामुळे छापला जात नाही.

आम्हा नागपूरकडच्या लोकांना यासाठी मुंबईपर्यंत जाण्याचीही गरज नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी सुरू झाली. पुढे ती बंद पडली, आणि गांधीसागर तलावाजवळच्या तिच्या जागेवर आज एम्प्रेस नावाचाच मॉल आहे. राणीचे नाव शिल्लक राहिले. ज्यांच्या फुप्फुसांत कापसाची धूळ गेली, त्यांचे नाव तेथे कोठे वाचायला मिळते?

२

एवढे कोणताही मार्क्सवादी समीक्षक सांगेल, आणि ते खरेही आहे. परंतु आमचे म्हणणे येथे संपत नाही. गिरणीच्या त्या उघड्या विटांमध्ये शोषणाइतकीच जातही चिणलेली आहे.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला सूतकताईच्या खात्यात काम मिळे. विणाई खात्यात, जेथे मजुरी अधिक होती, तेथे त्याला शिरता येत नसे. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की तिचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला स्पृश्याचे आणि अस्पृश्याचे तोंड लागणार! सवर्ण कामगाराला ते मान्य नव्हते. मालकाशी लढताना एक असणारा कामगार धोट्यापाशी येताच जातवान होत असे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला होता. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडच्या अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे सांगितले, त्यामागे हा अनुभव होता.

आता जाहिरात पुन्हा वाचावी. तिने वीट ठेवली, तुळई ठेवली, कदाचित शोभेसाठी एखादा जुना धोटाही भिंतीवर टांगला असेल. त्या धोट्याला कोणाचे तोंड लागू दिले गेले नाही, एवढेच तिने पुसले. जाहिरात खोटे काही सांगत नाही. परिसर ऐतिहासिक आहेच. परंतु श्रमाच्या खुणा जपून श्रमिकाला वगळणे आणि जुनेपण जपून त्यातील जात वगळणे, ही तिची लेखनपद्धती आहे. अशा पुसलेल्या भिंतीला सुंदर म्हणण्याचे शिक्षण आमच्या मुलांना मिळत आहे.

याच संदर्भात ‘परिसर’ हा शब्दही तपासला पाहिजे. ज्यांना विकत घ्यायचे आहे त्यांच्यासाठी ‘परिसर’, आणि जे तेथे राहत होते त्यांच्यासाठी ‘वस्ती’. वस्तीत पोलीस येतात, परिसरात ग्राहक येतात. वसंत मून यांनी नागपूरच्या महारपुऱ्यातील आपल्या बालपणावर १९९५ साली पुस्तक लिहिले, तेव्हा त्याला ‘वस्ती’ हेच नाव दिले. बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड संपादित करणाऱ्या माणसाला भारदस्त शब्दांची काही वाण नव्हती. तरीही त्यांनी हा तुच्छतेचा शब्द निवडला, आणि त्यात आखाडे, समता सैनिक दल, उपास, भांडणे, चळवळ हे सारे भरून तो अभिमानाचा केला. मराठीतला ‘ऐतिहासिक परिसर’ मला विचाराल तर तो तेथे आहे. तो कोणी विकायला काढलेला नव्हता.

३

घराविषयीचे दलित लेखन आणि घराची जाहिरात यांत आणखी एक मूलभूत भेद आहे. जाहिरातीत दार उघडेच असते. दलित लेखनात दारात एक प्रश्न उभा असतो: तू कोण?

बाबासाहेबांनी आपल्या इंग्रजी आत्मकथनपर टिपणांत, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये, १९१७ सालचा बडोद्याचा प्रसंग लिहून ठेवला आहे. परदेशात शिकून आलेल्या या विद्वानाला शहरात कोणी जागा देईना, म्हणून ते पारशी नाव लावून एका पारशी पथिकाश्रमात उतरले. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, आणि बाकी सारा दिवाणखाना फळ्या, बाके आणि मोडक्या खुर्च्यांनी भरलेला. वीज नाही. रखवालदार देईल त्या कंदिलाचा उजेड हातभर पुढे जात नसे. आजच्या जाहिरातदाराला तो मजला दाखवला, तर तो हरखून जाईल. उंच, जुना, रिकामा! पण अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे जिना चढून आली आणि त्यांनी विचारले, तू कोण? त्या प्रश्नानंतर वास्तूच्या सौंदर्याला काही अर्थ उरला नाही. बडोद्याच्या नोकरीचाही शेवट तेथेच झाला.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेचे मूळही याच प्रश्नात आहे. नोकरीच्या परक्या गावी डोक्यावर छप्पर हवे म्हणून नायक जात झाकतो, आणि ती उघड होताच मार खातो. ही कथा क्रोधाची म्हणून वाचली जाते. ती मला भाड्याच्या खोलीची कथाही वाटते. जात हे तेथे भाडे आहे, आणि ते दररोज भरावे लागते.

हे जुने झाले, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला नोकरी लागली तेव्हा नागपूरच्या एका जुन्या, प्रतिष्ठित भागात मी खोली पाहायला गेलो. घरमालकांनी चहा दिला, विषय विचारला, मराठी म्हटल्यावर ते खूषही झाले. नंतर आडनाव विचारले. मग त्यांना आठवले की पुतण्या शिकायला येणार आहे, खोली त्याच्यासाठी ठेवायची आहे. कोणी काठी उगारली नाही. माझा चहा अर्धा राहिला, एवढेच.

म्हणून ‘लॉफ्ट’च्या जाहिरातीला मी विचारीन: तुझ्या दारात हा प्रश्न विचारला जातो की नाही? किमतीनेच काम भागत असेल, तर विचारण्याची वेळ येत नसेल. पण जे किंमत देऊ शकतात, त्या आमच्यातल्या चार माणसांना हा प्रश्न कोणत्या स्वरात विचारला जातो?

४

येथे माझ्या विद्यार्थ्यावर अन्याय होऊ नये. चांगले घर हवेसे वाटणे हा गुन्हा नाही. गरिबीला पावित्र्य चिकटवण्याचा उद्योग आमचा नव्हे, तो दुसऱ्यांचा आहे.

बाबासाहेबांकडेच पाहावे. ते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत कित्येक वर्षे राहिले. १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला, तेव्हाही त्यांचे बिऱ्हाड तेथेच होते. पण त्यांनी चाळीचे गोडवे गायले नाहीत. संधी मिळताच दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले आणि वरचा मजला पुस्तकांना दिला. माझ्या मते आमच्या समाजाने पाहिलेला पहिला खरा ‘लॉफ्ट’ तो. उंची, उजेड, मोकळी जागा हे सारे तेथे होते. परंतु तेथे पोहोचण्यासाठी कोणाला घालवून द्यावे लागले नव्हते, आणि काही पुसावे लागले नव्हते.

दुसरे उदाहरण लंडनचे. प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर विक्रीला निघाले होते. तेथे १९२१-२२ मध्ये एक गरीब हिंदी विद्यार्थी भाड्याने राहत असे. घरमालकिणीच्या अपुऱ्या जेवणावर दिवस काढून तो रात्री पापड भाजून खाई आणि पहाटेपर्यंत वाची, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला तेथे स्मारकाचे उद्घाटन झाले. घर जुने, परिसर देखणा, वास्तूचे नूतनीकरण, म्हणजे जाहिरातीतली सारी लक्षणे येथे आहेत. फरक एवढाच, की येथे भाडेकरूला पुसले नाही. त्याच्यासाठीच घर घेतले. आणि पुढे काय झाले? काही शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या. राहत्या घराचे संग्रहालय केल्याने निवासी जागा कमी होते, या कारणाने कॅम्डनच्या स्थानिक परिषदेने २०१८ साली परवानगी नाकारली. अपील करावे लागले आणि मार्च २०२० मध्ये ती मिळाली. नियम नियमाच्या जागी असेल. पण जुन्या वास्तूत विटा ठेवण्यापेक्षा माणूस ठेवणे किती कठीण असते, हे त्यातून दिसले.

५

शेवटी आमच्या स्वतःच्या घरात डोकावणे भाग आहे. दलित साहित्याचाही आज ‘लॉफ्ट’ होत आहे, अशी मला भीती वाटते. आमची आत्मकथने अभ्यासक्रमात लागली, अनुवादित झाली, दिवाणखान्यातल्या कपाटात गेली. हे व्हायलाच हवे होते. परंतु पुष्कळदा त्यांतली उघडी वीटच तेवढी पाहिली जाते. भूक किती ‘जिवंत’ उतरली आहे, भाषा किती ‘रांगडी’ आहे, असा आस्वाद घेतला जातो, आणि ज्याने ती भूक लादली, तो वाचताना कोठे दिसत नाही. वेदनेला गिलावा न करता ती चांगल्या प्रकाशात मांडली, की पांढरपेशा वाचकाला ती भिंत सुंदर वाटू लागते.

या कामात मीही भागीदार आहे. गेली अनेक वर्षे मी प्रश्नपत्रिकेत ‘कावाखान्याचे वर्णन करा’ असा प्रश्न घालीत आलो. विद्यार्थी खोक्यांच्या आडोशाने पाडलेल्या खोल्या, दाटी, कळकटपणा पाठ करून लिहितात आणि मी गुण देतो. ही उत्तरपत्रिका त्या गुळगुळीत कागदापेक्षा कितीशी वेगळी आहे? तिच्यातही वास्तू आहे आणि कर्ता नाही.

आणि कामठी? आमच्या गावात सोहोच्या उलट घडले. तेथे कारखान्याचे घर झाले. येथे घराचाच कारखाना झाला. माझी माय ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायची. पत्ते कापायचे, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, हजार पुरे करायचे, आणि ठेकेदार त्यातल्या काही बाजूला टाकी, त्यांची मजुरी बुडे. जागा आमची, दिवा आमचा, खोकलाही आमचा. कारखानदाराला इमारत बांधावीच लागली नाही. घरी बिड्या वळणाराही कामगारच, हे कायद्याने मान्य केले ते १९६६ साली. त्याच्या कितीतरी आधी याच कामठीत बाबू हरदास यांनी बिडी मजुरांना संघटित केले होते. ‘जयभीम’ हे अभिवादन ज्यांनी रूढ केले, आणि जे १९३७ साली विधिमंडळावर निवडून येऊन १९३९ साली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेले, ते हे हरदास. १८२१ साली वसलेल्या छावणीतले रुंद व्हरांड्यांचे बंगले दाखवून कामठीला कोणी उद्या ‘ऐतिहासिक परिसर’ म्हणेल. म्हणू द्या. पण त्या वेळी बिडीच्या ओसऱ्यांचा इतिहास सांगणारे कोणी तेथे हजर असले पाहिजे, आणि ते काम आमच्याच मुलांचे आहे.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे: घर आवडले यात वाईट काही नाही. उंच छत हवे, भिंतभर खिडकी हवी, आणि वरचा मजला तर हवाच. पण विकणाऱ्याला विचार की हे छत कशासाठी उंच केले होते, येथे कोण राबत होते, कोणाला राबूही दिले नव्हते, आणि ते सारे आज कोठे राहतात. उत्तर मिळाले नाही, तर ते तू लिही.

या सत्रात मी प्रश्न बदलला आहे. ‘कावाखान्यातील खोक्यांची भिंत कोणामुळे उभी राहिली, ते सांगा.’ उत्तरपत्रिका अजून यायच्या आहेत.